छाती कमी भरली
मैदानावर आखलेल्या चुन्याच्या फक्कीचा वास आला की लातूरची ती पोलीस भरती आठवते. जिल्हा नवा होता आणि दुष्काळामुळं रानात काम नव्हतं, म्हणून मुरुडहून आम्ही बरेच जण आलो होतो. छाती मोजून घ्यायला उघड्या अंगानं रांगेत उभं राहायचं होतं. माझी छाती बाईसारखी वाढलेली होती. वर्षभर दंड मारूनही ती उतरली नव्हती. मी बनियन काढला तसा मागचा म्हणाला, "पाव्हणं, बायांची रांग तिकडं हाय." रांग हसली, टेप धरलेला हवालदारही हसला. मी बनियन चढवला आणि माप न देताच बाहेर पडलो. घरी वडिलांना सांगितलं, छाती कमी भरली. "भरंल की," ते म्हणाले, "पुढच्या बारीला जा." म्हैस आटत आली होती, तरी दुसऱ्या दिवसापासून घरातलं सगळं दूध ते माझ्यापुढं ठेवू लागले आणि स्वतः कोरा चहा पिऊ लागले. मी ते दूध मुकाट्यानं पीत राहिलो. पुढं नांदेडच्या एका सर्जननं तपासून सांगितलं की ही गाठ आहे, व्यायामानं जात नाही, आणि छोट्या ऑपरेशननं ती काढली. छातीची लाज तेव्हा गेली. त्या दुधाची अजून गेलेली नाही.