दोन मजली पलंगाचं माप

पलंग बनवणाऱ्यांकडं कसले आलेत किस्से, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण पोरांसाठी दोन मजली पलंग करायला घेतले, आणि मग काय! साधा पलंग घ्यायला एक माणूस येतो, दाबून बघतो, घेऊन जातो. दोन मजली पलंग घ्यायला अख्खं घर येतं. प्रत्येकाला कसली ना कसली भीती असते, आणि ती तपासायची ज्याची त्याची युक्ती असते. मग किस्से साचणार नाहीत तर काय!

बीडच्या बायपासला आमचं छोटं वर्कशॉप आहे. माल आणणं आणि पोचवणं आमचे हे बघतात. ऑर्डर घेणं आणि घरी जाऊन माप घेणं माझ्याकडं. वेल्डिंग म्हणजे निवृत्तीमामा. साठीचा माणूस. बोलणं मोजकं, पण त्यांनी केलेला जोड सुटलेला मी आजवर पाहिला नाही.

*

सुरुवातीच्या दिवसांत गेवराईचे एक गुरुजी आले. पलंग सगळीकडून बघून झाला, मग म्हणाले, "ताई, वरचा पलंग वजन किती पेलतो?"

मी काहीतरी आकडा सांगणार, तेवढ्यात मामांनी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला आणि शेजारच्या चहाच्या टपरीकडं बघून हाक मारली, "या रे सगळे!"

सहा जण आले. मामांनी सहाही जणांना वर चढवलं. मग गुरुजींकडं वळले, "गुर्जी, तुमी बी चढा."

गुरुजी नको नको म्हणत चढले. सात माणसं वर मांडी घालून बसली, आणि मामा खालून ओरडले, "आता हाला!"

सगळे हलायला लागले. पलंग ढिम्म! गुरुजींनी दोन्ही हातांनी कठडा धरला होता. "अहो मामा, माझं पोरगं बावीस किलोचं आहे हो!"

मामा म्हणाले, "पोरगं बावीस किलोचंच आसतंय, गुर्जी. पन सुट्टीत त्याचे दोस्त येतेत की!"

*

उमापूरकडचा भिवाजी नावाचा मेंढपाळ आमच्याकडं मेंढरांच्या वाड्याचं फाटक करून घ्यायला आला होता. फाटकाला रंग लागेपर्यंत बसला होता बिचारा. समोर एक नवा कोरा पलंग उभा होता. वरच्या कठड्याला उभे गज, दोन गजांमध्ये सहा-सात इंच फट. भिवाजी उठला, पलंगाभोवती फिरला आणि म्हणाला, "हे कुणासाठी?"

"लहान पोरांसाठी."

"मंग बाद हाय."

मामांच्या कामाला 'बाद' म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते! मामा ताडकन उठले. "कावून?"

भिवाजी शांतपणे म्हणाला, "कोकरू काय करतंय, झोपंत मागं सरकतंय. पाय फटीतून भाईर, मग पोट भाईर. मुंडकं तेवढं आत ऱ्हातं. मग ते लटकतंय. आमची दोन गेली तशी."

मामांनी विचारलं, "मग फट किती ठेवायची?"

भिवाजीनं मूठ वळली आणि गजांमध्ये धरली. "मूठ गेली पायजे. मुठीच्या वर न्हाई."

पुढं एका इंजिनिअर गिऱ्हाइकानं मोबाईलवर काढून आम्हाला योग्य फट किती ते दाखवलं. मी मुद्दाम टेप लावून भिवाजीच्या मुठीच्या मापाशी ताडून बघितलं. एका सुताचा फरक, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा!

मामांनी मात्र भिवाजी आला त्याच दिवशी तयार पलंगाचे सगळे गज कापून नव्यानं लावले. तेव्हापासून आमच्याकडं फटीचं माप इंचात सांगत नाहीत. "भिवाजी ठेवा," एवढंच म्हणतात.

*

माजलगावच्या एका बाईंनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. खाली लिहिलेलं, 'लई भारी पलंग, ताई!'

मी फोटो मोठा करून बघितला. वरच्या पलंगाचा कठडाच गायब! मी लगेच फोन केला. "अहो, कठडा कापला का काय तुमी?"

"कशाला कापू? गादी घातली ना चांगली जाड, माहेरची! कठडा तिच्यात बुडाला."

मी मामांना सांगितलं. मामा मोटरसायकल काढून निघून गेले. दुपारी त्या बाईंचा परत फोन. "ताई, तुमचे मामा येऊन गेले. आमची जाड गादी त्यांनी खाली टाकली आन वर त्यांची पातळ गादी घातली."

"त्यांची म्हणजे?"

"त्यांच्या घरची. म्हणले, मला जमिनीवर चांगली झोप लागती!"

*

बीडमध्येच बँकेतल्या एका साहेबांच्या घरी मी माप घ्यायला गेले होते. त्यांना पलंग उंच हवा होता, खाली अभ्यासाचं टेबल बसवायला. मी म्हणाले, "साहेब, वर पंखा आहे."

"पलंग पंख्याच्या खाली कुठंय? बाजूला आहे."

"पण पात्यांपासून लांब नाही."

"पोरगी झोपणार आहे, ताई. उड्या थोड्याच मारणार आहे!"

त्यांची पोरगी आर्या, चौथीतली, दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली आणि जाळी काढायची लांब काठी घेऊन आली. काठीच्या टोकाला तिनं सुतळीनं एक वाळूक घट्ट बांधलेलं होतं. वाळूक म्हणजे आमच्याकडची काकडीच, जरा जाडजूड.

"काकू, मी वर बसले आणि हात वर केला, तर हात कुठंपर्यंत जाईल?"

मी भिंतीवर खडूनं खूण केली. आर्यानं आम्हा सगळ्यांना कोपऱ्यात उभं केलं, पंखा पाचवर लावला आणि लांबून ती काठी खुणेच्या उंचीला धरून हळूच पुढं सरकवली.

फटाक! वाळकाचे तुकडे भिंतीवर, पडद्यावर, साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर.

आर्यानं पंखा बंद केला आणि म्हणाली, "पप्पा, हा माझा हात होता."

साहेबांनी शर्टावरचं बी सुद्धा झटकलं नाही. खालच्या आवाजात एवढंच म्हणाले, "ताई, पोरगी म्हणेल तेवढीच उंची लिहा."

*

पालीचे एक आजोबा सुनेबरोबर आले. सुनेनं मोबाईलवर डिझाईन आणलं होतं, बारीक गोल सळईची शिडी, दिसायला एकदम नाजूक. आजोबांनी चपला काढल्या आणि तशीच एक शिडी होती तिच्यावर अनवाणी चढायला लागले.

"मामंजी, तुमचे गुडघे!" सून ओरडली.

"गुडघे ऱ्हाऊ दे. तळवे दुखायलेत." आजोबा तिसऱ्या पायरीवर थांबले. "पोरं काय बूट घालून चढणार हायत का झोपायला? पट्टी लाव रे हितं, चांगली चार बोटं रुंद. आन शिडी जरा तिरकी कर. मला रोज चढायचंय."

"तुम्हाला कशाला?"

"गोष्ट सांगायला! खालून सांगितलेली गोष्ट वर पोचती व्हय?"

असं म्हणत आजोबा वर गेले आणि आडवे झाले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बघतो तर घोरायला लागलेले! मामांनी सगळ्यांना खूण केली. "ग्राइंडर बंद करा. गिऱ्हाईक टेस्टिंग करतंय."

*

माझा एक नियम आहे. सहा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय पोराला वर झोपवायचं नाही, हे मी ऑर्डर घेतानाच वदवून घेते. मांजरसुंब्याच्या एका ढाबेवाल्याला ते पटेना. त्यांचा धाकटा, शिवा, पावणेसहाचा. वरचाच पलंग हवा म्हणून दुकानात फतकल मारून बसलेला.

"ताई, तीन महिन्यांनी काय फरक पडतोय?" बाप म्हणाला.

"तीन महिन्यांचा," मामा म्हणाले.

तीन महिने वर थोरल्याचं दप्तर झोपलं. दोघं भाऊ खालीच. सहाव्या वाढदिवसाला शिवानं हट्टानं मला आणि मामांना बोलावून घेतलं. आम्ही ढाब्याजवळच्या त्यांच्या घरी गेलो. गडी एकेक पायरी मोजत वर चढला, खिडकीतून बाहेर बघितलं आणि दोन्ही हातांनी कठडा धरला.

"काय रे? भीती वाटती का?"

"पप्पा," तो हळूच म्हणाला, "आपला ढाबा केवढा हाय! मागं डोंगर हाय. ट्रक मुंगीवानी येतेत."

त्याचा बाप हसला, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, स्वतः वर चढला. धिप्पाड माणूस, वाकून खिडकीपाशी बसला. मग म्हणाला, "बारा वर्षं झाली ढाबा टाकून. मी कवाच वरून बघितला न्हाई, बे!"

*

डोंगरपट्ट्यातल्या एका गावात एक मॅडम ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या पोरांसाठी वसतिगृह चालवतात. आईबाप सहा महिने साखर कारखान्यांकडं जातात, पोरं इथं राहून शाळा शिकतात. गेल्या साली पोरं सतरंजीवर झोपायची. यंदा मॅडमनी आमच्याकडून वीस पलंग करून घेतले.

पलंग तिथं नेऊन जोडायचे होते. एका पलंगाला आठ नट. मामांनी स्वतः सगळे आवळले, हात पुसले आणि म्हणाले, "झालं."

तेवढ्यात सोनी नावाची नऊ-दहा वर्षांची पोरगी हातात एक दगड घेऊन पुढं आली. एकेका नटाला दगडानं हलकेच टिचकी मारायची, कान लावायचा, पुढं जायचं. आम्हाला वाटलं, खेळतीय. तेराव्या पलंगापाशी ती थांबली. परत वाजवलं.

"बाबा, ह्यो बद्द वाजतोय."

मामा हसले. पण पाना लावला, तर नट दीड आटे फिरला! मामांचं हसू गेलं. "तुला कसं कळलं गं?"

"आमचे आण्णा बैलगाडीत ऊस भरायच्या आधी चाक आसंच वाजवून बघतेत. चांगलं आसलं तर खणखण वाजतं."

मामांनी हातातला पाना बघितला आणि तिच्या हातात दिला. "दर म्हैन्याला वाजवून बघायचं. बद्द वाजला की आवळायचा."

तो पाना बारा वर्षांत आमच्या ह्यांना सुद्धा हात लावू दिला नव्हता मामांनी!

*

त्याच दुपारी वसतिगृहाच्या दारात कारखान्याकडं निघालेला ट्रक उभा होता. भांडी, बोचकी, कोंबड्या, सगळं वर चढलेलं. पोरांना सोडायला आलेल्या आया एकेक करून बाहेर पडत होत्या. एक जण मात्र पोरीचा हात धरून उलटी आत आली. कौसाबाई तिचं नाव. पोरगी दुर्गा, आठ वर्षांची.

"हिचा पलंग कंचा?"

मॅडमनी दाखवला. भिंतीकडचा, वरचा.

कौसाबाईनं पदर खोचला आणि शिडी चढली. हात न लावता! डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढणारी बाई ती. मामा बघतच राहिले. वर जाऊन ती आडवी झाली. मग झोपेत माणूस कूस बदलतं तशी कठड्याकडं वळली. परत वळली. तिसऱ्यांदा तर तिनं अंग झोकूनच दिलं! मी "अहो, अहो" म्हणत पुढं धावले. कठडा जागचा हलला नाही.

"घट हाय," ती म्हणाली, मामांकडं बघून. मामांनी मान खाली घातली. कुणी कौतुक केलं की ते तसंच करतात.

मला वाटलं, आता उतरेल. तर ती गुडघ्यावर बसली आणि विती टाकून पलंग मोजायला लागली. उशाकडून पायथ्याकडं, मग आडवा. पुटपुटत होती. "नऊ... आन चार." खात्री करायला परत मोजलं. नऊ आणि चार.

बाहेर हॉर्न वाजला. मुकादम ओरडला, "ए कौसे, आवर की!"

ती उतरली. दुर्गाच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. पोरगी रडली नाही, तीही नाही. मला राहवलं नाही. मी विचारलं, "कौसाबाई, मोजलं कशाला हो? तिकडं पण पलंग करायचाय का?"

"कोपीत कुटला पलंग, ताई!" ती हसली. कोपी म्हणजे फडाशेजारची त्यांची झोपडी, वाकून आत जायची, चार माणसं झोपली की भरली. "हिच्यापुरती जागा सोडून ठेवती मी कोपीत. गेल्या साली अंदाजानंच ठेवली व्हती. औंदा बरूबर माप घावलं."

मी म्हणाले, "पण दुर्गा तर इथंच राहणार ना?"

"व्हय की. हितंच ऱ्हानार."

असं म्हणाली, आणि नऊ-चार, नऊ-चार घोकत ट्रककडं पळत गेली.