सिमेंटवर वाळणारं पाणी

क्लबचे सेक्रेटरी नाकावर माशी बसू देणारे नव्हते. मैदान सांभाळणाऱ्या बाई त्यांच्या सख्ख्या वहिनी. भाऊ गेल्यावर त्याचं काम वहिनींनी उचललं, त्याला अकरा वर्षं झाली होती. पण घरी वहिनी आणि क्लबात कर्मचारी, असा सेक्रेटरींचा सरळ खाक्या. गेल्या वर्षी फवारणीनंतर हिरवळीवर पिवळे पट्टे उठले, मोठा सामना दुसऱ्या मैदानावर गेला, तेव्हा वहिनींच्या नोटिशीवर सही करताना त्यांचा हात जराही अडखळला नाही. आणखी एक चूक झाली की नोकरी जाणार होती.

यंदा गवताला बुरशी लागली. आठवड्यात फवारणी झाली नाही, तर मैदान हातचं जाणार. दोन विक्रेते यंत्रं घेऊन आले. एक ट्रॅक्टरमागे जोडायचं: लांबलचक दांडा, चकचकीत टाकी, गेल्या वर्षी सेक्रेटरींनी आणलेल्या यंत्राचं थोरलं भावंड. दुसरं हातानं ढकलायचं, सहा नोझलचं, अगदीच किडमिडीत. अध्यक्षांचे डोळे पहिल्यानंच दिपले.

"औषध नको, साधं पाणी भरा," वहिनी म्हणाल्या. "आणि गवतावर नको, पार्किंगच्या सिमेंटवर चालवा."

दोन्ही यंत्रं चालली. सिमेंट दोन्हीकडे सारखंच ओलं दिसत होतं. वहिनींनी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसल्या.

"आता काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"आता वाळू द्या."

ट्रॅक्टरवाल्या विक्रेत्याला हसू आवरेना. "बाई, पाणी वाळताना बघायला का आम्ही एवढ्या लांब आलो?"

"हातच्या काकणाला आरसा कशाला? बसा की जरा."

चारचौघांत शोभा नको म्हणून सेक्रेटरी मुकाट्यानं वहिनींशेजारी उकिडवे बसले. लहान यंत्राखालचं सिमेंट हळूहळू फिकट झालं, सगळं एकदम, कुठे डाग नाही. मोठ्या यंत्राखाली मात्र मधली जागा वाळली आणि काळे ओले पट्टे तसेच राहिले. नोझलांचे फवारे एकमेकांवर येऊन तिथे पाणी दुप्पट पडलं होतं. तेवढीच रुंदी, तेवढंच अंतर. हे पट्टे सेक्रेटरींनी पाहिले होते, फक्त पिवळे.

त्यांनी वहिनींकडे पाहिलं. या बाईनं औषधाचा एक थेंब न सांडता, एक पातं न जाळता, यंत्राच्या पोटातली लबाडी उन्हाकडून वदवून घेतली होती! इतकं शहाणपण आपल्याच घरात राहतं, आणि आपली अक्कल कुठे चरायला गेली होती?

"वहिनी, हे गेल्या वर्षी ठाऊक होतं तुम्हाला?"

"म्हटलं होतं की भावजी, आधी पाण्यावर बघू. तुम्ही म्हणालात, वेळ नाही."

सेक्रेटरी उठले. "अध्यक्ष, ते पट्टे माझ्या यंत्राचे होते. खापर मी वहिनींच्या डोक्यावर फोडलं. ती नोटीस आजच रद्द करा."

विक्रेत्याचं हसू कधीच मावळलं होतं. वहिनींनी पिशवीतून सारख्या मापाच्या काचेच्या बरण्या काढल्या आणि सेक्रेटरींच्या हातात त्यातल्या दोन दिल्या.

"लहान यंत्र चांगलं, पण त्याच्यावरही डोळे झाकून विश्वास नको. प्रत्येक नोझल मिनिटाला किती पाणी सोडतं ते मोजू. खाली धरा, हलवू नका."

सेक्रेटरींनी भर पार्किंगमध्ये गुडघे टेकले. पाणी मनगटावरून बाहीत शिरत होतं, तरी वहिनी "पुरे" म्हणेपर्यंत त्यांनी बरण्या हलू दिल्या नाहीत.