खड्ड्यात गेलेली कवळी

उद्घोषककाकांची सगळी नोकरी बसस्थानकावर माइकसमोर गेली. कुठली गाडी कुठे लागेल, कुठली उशिरा येईल, हे सांगता सांगता आवाजाला अशी धार चढली की घरात "चहा झाला का?" विचारलं तरी समोरच्या इमारतीतून "हो, झाला!" असं उत्तर यायचं. निवृत्तीनंतर मात्र ऐकायला कुणी उरलं नाही. सूनबाई कामावर पळायची. काकू ब्लाउज शिवायला बसायच्या आणि काकांनी तोंड उघडलं की शिवणयंत्र दणादण चालवायच्या.

म्हणून कोपऱ्यावरच्या औषधवाल्यांनी, म्हणजे बाग समितीच्या अध्यक्षांनी, "रविवारी बागेत झाडं लावतोय, शेवटी दोन शब्द तुम्ही बोला," असं म्हटलं तेव्हा काकांना आभाळ ठेंगणं झालं. आरशासमोर तालीम सुरू झाली. दोन शब्द वाढत वाढत चांगलं अर्ध्या तासाचं भाषण झालं.

अडचण एवढीच की कवळी नवी होती आणि हिरड्यांना टोचत होती. रविवारी बागेत पोचल्यावर काकांनी ती हळूच काढली, रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली. भाषणाच्या वेळी घालू, तोवर हिरड्यांना आराम! मग कामाला जुंपले. कुणाचं रोप धर, कुणाची पिशवी फाड, कुणाच्या खड्ड्यात माती लोट. एकही खड्डा असा राहिला नाही, ज्यावर काका ओणवे झाले नाहीत.

रोपं लागली, आळी झाली, पाणी घालून झालं. औषधवाल्यांनी माइक घेतला. "आता आपले लाडके काका..."

काकांनी खिसा चाचपला. रुमाल होता, पण मोकळा. मघाशी घाम पुसायला तो कधी ओढला, हे त्यांचं त्यांनाच आठवेना.

त्यांची दातखीळच बसली. म्हणजे बसायला दात नव्हते, तरी बसली. ओठ घट्ट मिटून त्यांनी 'थांबा' असा हात केला, जवळच्या रोपापाशी गेले, मान हलवली आणि माती काढायची खूण केली.

"खोल नाही का गेलं, काका?" बँकेतल्या बाईंनी विचारलं.

काकांनी जोरात मान डोलावली. बाईंनी बिचाऱ्यांनी पुन्हा उकरलं. माती, खडे, एक गांडूळ. काका पुढच्या रोपाकडे वळले. तेही उपसायला लावलं. मग त्याच्या पुढचं.

"काका बोलत का नाहीयेत?" कुणीतरी कुजबुजलं.

"भरून आलंय त्यांना. माणूस किती हळवा!"

एका आजोबांनी तर डोळेही पुसले. पण बाकावर बसलेल्या काकूंच्या मनात पाल चुकचुकली. एवढ्या वर्षांच्या संसारात नवरा इतका वेळ गप्प बसलेला त्यांनी पाहिला नव्हता. त्या तरातरा उठून आल्या.

"तोंड उघडा."

काकांनी नकारार्थी मान हलवली.

"उघडा म्हणते ना!"

काकांनी उघडलं. काकूंनी आत डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, कुठे गेली?"

"खिफातून पल्ली गं... खल्ल्यात!"

औषधवाले माइक घेऊन शेजारीच उभे होते आणि माइक चालू होता. उद्घोषणा फाटकापर्यंत ऐकू गेली.

मग जो हशा पिकला, तो थांबेचना. काकांना वाटलं, एखाद्या खड्ड्यात आपणच उतरावं आणि वर माती लोटून घ्यावी. काकूंनी मात्र माइक हिसकावला. "हसून झालं असेल तर खाली बघा. ज्याच्या खड्ड्यात दात निघतील त्यानं आणून द्यावेत. तोवर कुणीही जागचं हलायचं नाही!"

मग सगळी बाग गुडघ्यांवर आली. कवळी सापडली चिंचेच्या रोपाखाली, ती नेमकी बँकेतल्या बाईंना. "वेळेवर निघाली," त्या म्हणाल्या, "थोडी राहिली असती तर दात आंबले असते." हे ऐकून काकाही हसले, हातानं तोंड झाकून.

"उकळल्याशिवाय तोंडात घालायची नाही," काकूंनी बजावलं आणि कवळी पिशवीत टाकली. काका तसेच माइकपाशी गेले. समोर मातीनं माखलेली, घामेजलेली माणसं उभी होती. पाठ केलेलं सगळं भाषण कुठल्या कुठे गेलं.

"फगळ्यांचे आभाल," ते म्हणाले. "झालं पुन्हा लावा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. स्थानकावर त्यांचं बोलणं संपलं की लोक गाडीकडे धावत सुटायचे, थांबून टाळ्या कुणीच वाजवल्या नव्हत्या.

पुढच्याच बैठकीत समितीनं पाणी घालण्याची देखरेख काकांवर सोपवली. उन्हाळ्यात दोन-तीन रोपं गेली, बाकीची तगली. पाण्याची पाळी सहसा कुणी चुकवत नाही. चुकवली, तर संध्याकाळी काका त्याच्या घरी जातात, पंख्याखालची खुर्ची धरतात आणि झाडांविषयी बोलायला लागतात.