लेकीच्या गावी, हॉटेलात

मला आजवर कोणी घाबरट म्हटलेलं नाही. सौसरच्या शाळेत मी तीस वर्षं गणित शिकवलं आणि एकदा मैदानात शिरलेला वळू नुसत्या छत्रीनं हाकलला. त्यामुळे साठी उलटल्यावर स्वित्झर्लंडच्या बर्फात पायाला लांब फळ्या बांधून घसरायचं ठरलं, तेव्हा मी लेकीला एवढंच विचारलं, की साडीवर जमेल का. नाही जमत.

लेक तिथंच राहते, डोंगराच्या पायथ्याच्या गावात. तिच्या घरी पाहुण्यांसाठी वेगळी खोली आहे. त्या खोलीचे पडदे तिनं मला व्हिडिओवर दाखवून, विचारून निवडले होते. तरी आम्ही नवरा-बायको चार दिवस राहिलो ते वर डोंगरावरच्या जुन्या, राजेशाही हॉटेलात, आणि त्याचं कारण मी.

आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरी जेवत नाहीत. माझी आई मोहगावहून माझ्याकडे यायची ती स्वतःचा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन. दोन तास बसायची, माझे वाळलेले कपडे घड्या करून ठेवायची, पण घोटभर पाणी प्यायची नाही. माझी लेक झाली, तिला घेऊन मी माहेराहून सासरी आले, तेव्हा आई सोबत आली आणि पहिल्यांदा माझ्या हातचं जेवली. चार पोळ्या खाल्ल्या तिनं, एरवी दोन खाणारी बाई. तो दिवस मी विसरले नाही. आपणही असंच एक दिवस लेकीकडे जेवायचं, हे मी तेव्हापासून धरून बसले होते.

लेकीच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. दवाखाने झाले, इंजेक्शनं झाली. दोन वर्षांपूर्वी तिचा फोन आला, "आई, आता नाही होणार. डॉक्टरनं साफ सांगितलं. आम्ही बंद केलं सगळं." मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि निवडलेलीच डाळ पुन्हा निवडत बसले.

हे सगळं माहीत असून मी तिला म्हणाले, "आम्ही हॉटेलात राहू. आमच्या पैशानं." नेम मोडला तर मीच आशा सोडली असं होईल, असं काहीतरी मनात होतं. तो नेम आता तिला काय सांगतो, याचा मी विचारच केला नव्हता. ती म्हणाली, "ठीक आहे. चांगलं हॉटेल पाहते." आणि पाहिलं.

हॉटेल म्हणजे काय होतं! गोल फिरणारं लाकडी दार, जाळीची जुनी लिफ्ट, खोलीची पितळी किल्ली इतकी जड की खिशात ठेवली तर ह्यांची पँट खाली यायची. संध्याकाळी जेवायला नटून जायचं, म्हणून मी आतून लोकरीचे कपडे चढवून वर जरीची साडी नेसले. सगळं दालन वळून पाहत होतं. पाहू दे म्हटलं, असा काठ त्यांना कुठे पाहायला मिळणार! सकाळी न्याहारीला चीजचेच एवढे प्रकार की ह्यांनी पहिल्या दिवशी चव घेता घेताच पोट भरलं. पलंगावरची दुलई मी रोज सकाळी घडी करून ठेवायची, आणि साफसफाईची बाई ती रोज उलगडून पुन्हा पसरायची. चार दिवस आमचं असं न बोलता चाललं.

लेक रोज सकाळी रुळातल्या दात्यांना धरून डोंगर चढणाऱ्या छोट्या रेल्वेनं वर यायची आणि संध्याकाळी खाली जायची. पहिल्याच दिवशी तिनं पिशवीतून डबा काढला. पाटवड्या. वर सांबार, म्हणजे आमची कोथिंबीर, आणि खोबरं. इकडे बेसन कुठून आणलं, खसखस कुठून, सगळं सांगत सुटली. ह्यांचा हात पुढे गेलासुद्धा.

"थांबा," मी म्हणाले. "घर तुझं नसलं तरी चूल तुझीच न?"

"आई, हे हॉटेल आहे. इथं कायले लागते नेम?"

"चूल तुझी आहे," मी पुन्हा म्हणाले, वर्गात म्हणायचे तशी.

ह्यांनी हात मागे घेतला. तिनं झाकण लावलं, दोनदा दाबून, आणि डबा परत पिशवीत ठेवला. मग आम्हाला बुटांच्या दुकानात घेऊन गेली.

ते बूट म्हणजे पावसात बोरगावच्या काळ्या रानातून चालणं. प्रत्येक पायाला दोन किलो चिखल. ते मला येतं, त्यामुळे मी फळीवर पाय रोवून झोकात उभी राहिले. शिकवणारी पोरगी नातीच्या वयाची. तिचा पहिला धडा पडायचा होता, कसं पडायचं आणि कसं उठायचं. मी म्हटलं, पडायचं शिकवायला मास्तर लागतो होय! पंधरा पावलं घसरले आणि धडा न शिकता पडले. उताणी. आभाळ फार स्वच्छ होतं. लेक धावत आली, तिनं दोन्ही हात दिले आणि मला उभं केलं. तिसऱ्या दिवशी मात्र मी उतार अख्खा उतरले, न पडता, आणि खाली उभ्या असलेल्या ह्यांच्यापाशी येऊन थांबलेही. ह्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनीही वाजवल्या.

त्या दिवशी दुपारी चहा-केक घेत आम्ही तिघं बसलो होतो. तिथला वयस्क वाढपी, पांढऱ्या कोटातला, लेकीशी तिकडच्या भाषेत काहीतरी बोलला. खाली गावाकडे हात करून हसत विचारत होता. ती हसून उत्तरली. तो मान डोलवून गेला.

"काय विचारून राहिला होता?" मी म्हटलं.

"काही नाई. घर इतकं जवळ असून आईबाबा इथं कसे, असं."

"मग तू काय सांगितलं?"

"सांगितलं, घर लहान आहे."

ती केक कापत राहिली. माझ्या वर्गात खोट्याला आणि चुकीच्या उत्तराला शून्य मिळायचं, अर्धा मार्कसुद्धा नाही. ही त्याच बाईची लेक. कोण कुठला वाढपी, त्याच्यापुढे आईचं झाकायला खोटं बोलली, आणि इतक्या सहज बोलली की मला कळलं, हे पहिल्यांदा नाही. शेजारणीला सांगितलं असेल, ऑफिसात सांगितलं असेल. लाज वाटली, सरळ सांगते.

ती गेल्यावर हे खिडकीशी उभे राहून म्हणाले, "अवं, बर्फात पडली तं तिचे हात चालले तुले. तिच्या हातची वडी नाई चालत?"

 

चौथ्या दिवशी सकाळी मी ह्यांना उठवलं आणि न्याहारीच्या दालनासमोरून थेट बाहेर नेलं. "चीज!" म्हणाले बिचारे. पहिल्या रेल्वेनं आम्ही खाली उतरलो. दार जावयांनी उघडलं, तोंडात ब्रश तसाच. मागून लेक आली, केस विंचरायचे राहिलेले.

"काय झालं? बाबा बरे आहेत न?"

"भूक लागली," मी म्हणाले. "तो डबा फेकला का?"

तिला आधी समजलंच नाही. मग म्हणाली, "फ्रिजमध्ये आहे. तीन दिवस झाले, आई. मी दुसरं करते."

"तोच गरम कर. आणि आधी पाणी दे."

तिनं पाणी दिलं. ती पेला हातात देऊन तिथंच उभी राहिली, आणि मी तिच्याकडे पाहत सगळं पाणी प्यायले. तिनं वड्या तव्यावर गरम केल्या, ताटं मांडली. जावई ब्रश धुऊन आले आणि एका बाजूला गुपचूप बसले. वडी कडक झाली होती, तिला भेगा पडल्या होत्या, आणि त्यात मीठ दुप्पट पडलं होतं.

"आई, मीठ जास्त झालं का?"

"बरोबर आहे," मी म्हणाले, आणि आणखी वाढायला ताट पुढे केलं.