झोळीची दोरी

गणित सोडवायला बसली की काजलचा उजवा पाय आपोआप हलायला लागायचा. बाक डुगडुगायचा, माझ्या रेघा वाकड्या यायच्या आणि बाई ओरडायच्या ते मलाच. दहावीला ती लोणावळ्याच्या आमच्या शाळेत नवीन आली होती. काही बोलायचं झालं की आधी म्हणायची, "दार बघ, मग बोल." मी चिडवायचे, "काय गं, बँक लुटून आलीस का?" ती हसायची नाही.

पायाचं कोडं तिच्या घरी उलगडलं. भुशीच्या रस्त्याला तिची आई कणसं भाजून विकायची. मागेच त्यांची खोली. काजल झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून बीजगणित सोडवत होती. झोळीत रांगत्या वयाचा ओम. तो तिचा धाकटा भाऊ, असंच सगळे समजायचे. तो रडत उठला. तिनं त्याला पदराखाली घ्यावं तसं ओढणीखाली घेतलं आणि माझ्याकडे बघून पांढरी पडली.

"माजाच हाये," ती म्हणाली. "पंधराव्या वर्षी गुपचूप लगीन लावलं. कळलं तर पोलीस माज्या बापाला नेत्याल, आन ह्याच्या बापालाबी. बोलू नगंस कुटं, तुला ओमची शपथ."

नवरा नवलाख उंबरे गावच्या कारखान्यात होता. अंधार पडल्यावरच यायचा. त्या दिवसापासून तिची भीती मलाही चिकटली. वर्गाच्या दारात शिपाई आला तरी मी आधी काजलकडे बघायचे.

ओम बोलायला लागला आणि काजलचं जेवण सुटलं. पोर चारचौघांत आई म्हणालं तर? मग तिनं शिकवणी सुरू केली. 'आई' म्हणाला की तोंड फिरवायची, 'ताई' म्हणाला की उचलून घ्यायची. मला ते बघवायचं नाही.

शेवटच्या पेपराला तिची आई ओमला घेऊन फाटकाशी आली. आम्ही दोघी बाईंशी बोलत उभ्या होतो. काजलला बघून ओम धावत सुटला आणि खडीवर तोंडघशी पडला. ओठातून रक्त आलं. त्यानं रडायला तोंड उघडलं, तशी काजलची नखं माझ्या मनगटात रुतली.

"ताई!"

बाई कौतुकानं म्हणाल्या, "केवढा लळा आहे गं बहिणीचा!"

"हो बाई," काजल म्हणाली. ओमला कडेवर घेऊन ती बाहेर आली. सुटलो एकदाचे, म्हणून मला हसूच येत होतं. ती मात्र रस्त्याकडेला मटकन बसली. पुढे निकालालाही ती आली नाही. तीच आमची शेवटची भेट. ओढणीनं त्याचा ओठ पुसत तिनं विचारलं, आणि त्या वेळी 'दार बघ' म्हणालीही नाही.

"शिकला गं. मी आठरा पुरी केल्यावर आई म्हनंल ना ह्यो?"