दोन डावांमधली उसंत

व्हर्लिन ब्रँडव्होल्डला पळताना नॉर्थ फोर्कमध्ये कुणी कधी पाहिलं नव्हतं. चौतीस वर्षं त्याने आसपासच्या शेतवस्त्यांवर टपाल वाटलं, तेसुद्धा एका ठरलेल्या चालीने. बर्फाचं वादळ असो की कुणाचं कुत्रं अंगावर येवो, चाल तीच. लोक त्याच्या गाडीवर घड्याळ लावून घ्यायचे. त्यामुळे वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी हा माणूस नारिंगी जाकीट फडफडवत कॉलेजच्या मैदानाच्या कडेने धावू लागला, तेव्हा प्रेक्षकांनी खेळ सोडला आणि त्याच्याकडेच बघत बसले.

पळायची पाळी आली ती साखळीमुळे. आमच्या छोट्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलसाठी दर शनिवारी मैदानाच्या पलीकडच्या कडेला साखळी धरायचं काम व्हर्लिनकडे एकोणचाळीस वर्षं होतं. चार डावांत दहा यार्ड पुढे जायचं, नाही गेलं तर चेंडू समोरच्यांना द्यायचा, एवढाच काय तो खेळ. ते दहा यार्ड म्हणजे ही साखळी. दोन टोकांना दोन काठ्या. पुढची काठी गॉर्डी ट्वीटनकडे, मागची कुणा ना कुणाकडे, आणि चिमटा व्हर्लिनकडे.

बाकी कुणाला हा चिमटा दिसतही नाही. पण खरी जोखीम त्याचीच. मैदानावर दर पाच यार्डांना पांढरी रेष असते. साखळी जिथे त्या रेषेवरून जाते, तिथे कडीला चिमटा लावायचा. पुढे वाद झाला की साखळी उचलून मैदानाच्या मध्यात न्यायची, चिमटा त्याच रेषेवर टेकवायचा, की काठ्या आपोआप आपापल्या जागी येतात. पण रेष असते चार इंच रुंद. म्हणून चिमटा नेहमी मागच्या कडेला लावायचा, हा नियम. मोजणीआधी पंच विचारायचा, "मागची कड, व्हर्लिन?" आणि व्हर्लिन म्हणायचा, "मागची कड." एकोणचाळीस वर्षांत या उत्तरावर कुणी शंका घेतली नव्हती. आमच्याकडे फार तोंडभरून कौतुक करायची रीत नाही. एकदा एक म्हातारा पंच जाता जाता व्हर्लिनला म्हणाला, "वाईट नाही तुझं काम." ते वाक्य त्याने वर्षभर पुरवून खाल्लं.

तेव्हा कोच होते हाउगेन. त्यांच्या खेळात घाई नावाची चीजच नव्हती. पोरं दर डावाआधी रिंगण करून उभी राहायची, डोकी खाली, काय ठरवायचं ते ठरवायची. मग सावकाश रांगेत यायची. एक धडक, तीन यार्ड. परत रिंगण. परत तीन यार्ड. बाहेरगावचे लोक कंटाळून कॉफी आणायला जायचे आणि परत आले तरी काही चुकलेलं नसायचं. आम्हाला मात्र तेच आवडायचं. त्या रिंगणात मावेल एवढ्या वेळात बिटाच्या पिकाचं बोलून व्हायचं, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते कळायचं.

आणि व्हर्लिन त्या वेळात आर्डिसकडे बघायचा.

आर्डिस म्हणजे त्याची बायको. समोरच्या बाकांवर सहाव्या रांगेत, खांबाला लागून तिची जागा. मांडीवर चौकटीची घोंगडी, पायाशी थर्मास, आणि उजव्या हातात लाल लोकरीचा हातमोजा. भर सप्टेंबरात, लोक घामाघूम झालेले असतानासुद्धा, एका हातात हातमोजा. पोरांनी रिंगण केलं की ती तो हात वर करायची. व्हर्लिन इकडून हनुवटी किंचित उचलायचा. बस्. हात हलवायची त्याला परवानगी नव्हती. साखळीवाल्याने कुणाच्या बाजूचं दिसता कामा नये, असा दंडक होता आणि व्हर्लिन दंडक पाळणारा माणूस.

शनिवारी संध्याकाळी जेवताना मग हिशेब चालायचा.

"तिसऱ्या भागात दोनदाच बघितलंस माझ्याकडे," ओव्हनमधली गरम हॉटडिश वाढता वाढता ती म्हणायची.

"गडबड होती गं."

"हाउगेनच्या पोरांची गडबड? त्यांच्यापेक्षा माझं लोणी लवकर वितळतं."

"चुकलं माझं."

"शेवटी मात्र चार वेळा बघितलंस. जमेला धरलंय ते."

व्हर्लिनला खरोखर अपराधी वाटायचं. पुढच्या शनिवारी तो एकही रिंगण चुकवायचा नाही.

फेब्रुवारीत आर्डिस गेली. निमोनियाचं निमित्त झालं आणि नऊ दिवसांत सगळं आटोपलं. चर्चच्या तळघरात बायकांनी हॅमचे सँडविच वाढले, लोक हळू आवाजात हवापाण्याचं बोलले. गॉर्डी व्हर्लिनच्या शेजारी तासभर नुसता बसून राहिला आणि उठताना म्हणाला, "सप्टेंबरात येशील ना?" व्हर्लिन म्हणाला, "येईन." त्या उन्हाळ्यात त्याला धरून ठेवलं ते या एका शब्दाने. त्याला वाटत होतं, ती नसली तरी जागा आहे. रिंगण होईल, आपण तिकडे बघू. तेवढं आपल्याकडून कोण काढून घेणार?

काढून घेतलं नव्या कोचने. हाउगेन निवृत्त झाले आणि टेक्ससहून डेसमंड प्रूइट आला. चौतिशीचा, तरतरीत, सगळ्यांना सर आणि मॅम म्हणणारा. त्याच्या खेळात रिंगणच नव्हतं. कडेला दोन मुलं मोठाले फलक उचलायची. एकावर मासा, दुसऱ्यावर ट्रॅक्टर. मैदानातल्या पोरांनी फलक बघितला की डाव कळला. एक डाव संपून लोक नीट उठले नाहीत तोच दुसरा सुरू. समोरचा संघ धापा टाकत कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. आम्ही पहिले चार सामने धडाधड जिंकलो. गाव खूश. मेलं, कोण कुणाला विचारतंय की कडेला तीन म्हातारे साखळी घेऊन कुठे मरतायत?

पहिल्याच सामन्यात गॉर्डी काठीला टेकून म्हणाला, "हा फुटबॉल आहे की गोठ्याला आग लागलीय?"

"बोलू नको. दम पुरव," व्हर्लिन म्हणाला.

दम त्याने पुरवला. रोज सकाळी तो धान्याच्या कोठारांपर्यंत भरभर चालून यायला लागला. चिमटा आता खिशात न ठेवता बोटातच धरायचा. वाकायचं, मागची कड बघायची, लावायचा, उठायचं, पळायचं. चिमटा एकदाही चुकला नाही. फक्त सहाव्या रांगेकडे बघायला त्याला एकदाही फुरसत झाली नाही. सामना संपायचा, बाकं रिकामी व्हायची, आणि मग त्याच्या लक्षात यायचं की आज आपण तिकडे पाहिलंच नाही. घरी गेल्यावर जेवायला बसताना याचा त्याला फार त्रास व्हायचा. हिशेब विचारणारं कुणी नव्हतं, पण तो चुकलेलाच होता.

ऑक्टोबरच्या शेवटी क्रीडा कार्यालयातल्या बाईंनी त्याला बोलावून केक खाऊ घातला. आमच्याकडे वाईट बातमी केकशिवाय देत नाहीत. पुढच्या वर्षीपासून धावण्याच्या संघातली दोन मुलं साखळीला येणार होती. गॉर्डी चौसष्टचा, तो राहील. व्हर्लिनने चाळिसावं वर्ष पुरं करावं, शेवटच्या सामन्यात त्याचं नाव पुकारू, असं त्या म्हणाल्या.

"नाव नका पुकारू," व्हर्लिन म्हणाला. "साखळीवाल्याचं पुकारत नाहीत."

बाहेर येताना त्याने मनाशी दोन गोष्टी ठरवल्या. शेवटच्या सामन्यात चिमटा बिनचूक लागला पाहिजे, एकोणचाळीस वर्षं लागला तसाच. आणि काही झालं तरी एकदा तिकडे बघायचं.

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. आभाळ करडं, वारा असा की कान जाग्यावर आहेत की नाही ते चाचपून बघावं. जिंकलो तर संघ पुढच्या फेरीत जाणार होता, बावीस वर्षांनी. सगळं गाव लोटलेलं. शेवटची दोन मिनिटं उरली, आपण तीन गुणांनी मागे, चेंडू आपल्याकडे. मासा, ट्रॅक्टर, मासा. पोरं सुसाट सुटली होती. एक डाव, नवे दहा यार्ड, साखळी धावत पुढे आली, काठ्या रोवल्या. व्हर्लिन चिमटा घेऊन वाकणार, तेवढ्यात त्याला वाटलं, आता नाही बघितलं तर कधीच नाही.

त्याने मान वर केली. सहावी रांग, खांबाजवळ. एवढ्या गर्दीत ती एक जागा रिकामी होती. कुणी मुद्दाम सोडली होती की खांब आड येतो म्हणून, देव जाणे. व्हर्लिनने हनुवटी उचलली. त्याला खूप बरं वाटलं.

"व्हर्लिन!" गॉर्डी ओरडला. डाव सुरू झाला होता. तो चटकन वाकला, चिमटा लावला आणि मागे सरला.

तीन डाव झाले. चौथ्याला पोरांनी सगळा जीव काढून मधूनच धडक मारली. ढीग उठला, चेंडू कुठे टेकलाय ते पंचाने पायाने धरून ठेवलं. दहा यार्ड झाले की नाही, मोजायला लागणार होतं. साखळी मध्यात गेली.

"मागची कड, व्हर्लिन?"

"मागची कड," तोंडाला सवय होती, तोंड बोललं.

चिमटा रेषेवर टेकला, साखळी ताणली गेली, गॉर्डीने काठी उभी केली. चेंडूचं टोक काठीच्या दोन बोटं पुढे होतं. अख्खं गाव एकदम उभं राहिलं, असा गलका की बोललेलं ऐकू येईना. पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली.

व्हर्लिन आपल्या बुटांकडे बघत होता. मघाशी वाकलो तेव्हा रेष कुठे होती? बुटाच्या पुढे असते. नेहमी पुढेच असते. आज टाचेच्या मागे होती. घाईत त्याने पलीकडून, पुढच्या कडेला चिमटा लावला होता. चार इंच.

त्याला गप्प बसता आलं असतं. गावात कुणी, अगदी गॉर्डीनेसुद्धा, त्याबद्दल कधी विचारलं नसतं. पंच हात वर करणार तोच व्हर्लिनने त्याची बाही धरली.

"पुढची कड होती," तो म्हणाला. "मी पुढच्या कडेला लावला होता."

पंचाने हात आवरला. "नक्की?"

"नक्की. परत मोजा."

परत मोजलं. काठी चार इंच पुढे सरकली. चेंडू अडीच इंच कमी पडला. बाकांवरचा आवाज विझला तसा कुठेतरी पोर रडत होतं तेवढंच ऐकू आलं. चेंडू समोरच्यांना गेला, उरलेला वेळ त्यांनी खाल्ला, आणि बावीस वर्षांची वाट तिथेच संपली.

व्हर्लिन साखळी गुंडाळत होता. गॉर्डी दुसरं टोक धरून होता. तेवढ्यात प्रूइट मैदान ओलांडून आला.

"सर, पंचांनी सांगितलं मला."

"हो."

"एवढी घाई मी करायला लावली तुम्हाला."

"नाही. घाईत मी वर्षभरात चुकलो नाही," व्हर्लिन म्हणाला. "आज मी दुसरीकडे बघत होतो."

"कुठे?"

त्याने बोट दाखवलं. कोचने रिकामी जागा पाहिली. त्याला कुणीतरी सांगितलेलं असणार, कारण त्याने टोपी काढली.

"तिथून कसं दिसतं, सर?"

"माहीत नाही," व्हर्लिन म्हणाला. "तिथे मी कधी बसलोच नाही."

गावाने त्याला बोल लावला नाही. पण त्या हिवाळ्यात कॅफेत त्याच्या टेबलावर लोक जरा कमीच टेकले, हेही खरं.

पुढल्या सप्टेंबरात, पहिल्या सामन्याला, व्हर्लिन तिकीट काढून सहाव्या रांगेत खांबाजवळ जाऊन बसला. घोंगडी घेतली, थर्मास घेतला. लाल हातमोजा खिशात होता. खेळ नेहमीसारखा सुसाट चालला, आणि शेवटच्या भागात आपण सतरा गुणांनी पुढे गेलो. मग वेळ काढायला प्रूइटने पोरांना सबुरीने घ्यायला लावलं. फलक खाली गेले. दोन वर्षांनी पहिल्यांदा पोरांनी मैदानात रिंगण केलं.

व्हर्लिनने पलीकडे बघितलं. तीन नारिंगी ठिपके. उंचीवरून आणि किंचित पोक काढून उभं राहण्यावरून गॉर्डी ओळखू आला. पण चेहरा? नाक कुठे, डोळे कुठे, काही म्हणता काही कळेना. तो इकडे बघतोय की बिटांच्या शेतांकडे, हेसुद्धा नाही. व्हर्लिनने चष्मा पुसला. परत बघितलं. तेच. एवढ्या लांबून माणसाची हनुवटी दिसणं शक्यच नव्हतं.

म्हणजे दोनदा, चार वेळा, जमेला धरलंय, हे सगळं तिने मनानेच रचलं होतं. आणि हा बाबा दर शनिवारी तिची माफी मागत आला होता. व्हर्लिनला एकदम हसू फुटलं, इतकं की पुढच्या रांगेतल्या बाई मागे वळल्या आणि त्याच्या गालांवरून ओघळणारं पाणी बघून पुन्हा पुढे बघू लागल्या.

तो खरंच आपल्याकडे बघतोय की नाही हे तिला इथून एकदाही दिसलं नव्हतं, आणि तरी एकोणचाळीस वर्षं तिने एकही रिंगण चुकवलं नव्हतं.

पोरांचं रिंगण अजून मोडलं नव्हतं. व्हर्लिनने खिशातून लाल हातमोजा काढला, हातात चढवला, आणि हात वर केला.