मिस कँबल

मंडळी, आज दुपारचा एक प्रसंग डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

नोकरी सॉफ्टवेअरची, पण दर शुक्रवारी मी जर्सी सिटीतल्या एका हायस्कूलमध्ये व्हॉलंटियर म्हणून गणित शिकवते. वर्गात फिलिपिनो, इजिप्शियन, डॉमिनिकन, गुजराती मुलं आहेत. आडनावं तिथे सगळ्यांचीच मोडतात. माझ्या कांबळेचं 'मिस कँबल' होतं. मला ते सोयीचं वाटतं. कँबल म्हणजे कोण, हे कुणी विचारत नाही.

आज एक नवी मुलगी आली. नाव सई, नुकतीच पुण्याहून आलेली. फळ्यावर इंग्रजीत लिहिलेलं माझं आडनाव मागच्या बाकावरून वाचून म्हणाली, "कांबळे मॅडम?"

उच्चार अचूक होता. माझ्या हातातला खडू थांबला. पुण्यात कॉलेजच्या पहिल्या दिवशी सरांनी माझं आडनाव असंच स्पष्ट वाचलं होतं, आणि शेजारची मुलगी बॅग उचलून दुसऱ्या बाकावर गेली होती.

मी म्हटलं, "इथे सगळे मिस कँबल म्हणतात."

"पण ते चूक आहे ना? मलाही सकाळपासून सगळे साय म्हणतायत. तुम्ही तरी नीट म्हणा ना, मॅडम!"

"सई," मी म्हटलं.

तिने बॅग उचलली. ती कुठे जाते, ते मी पाहत राहिले. ती पुढे, माझ्या अगदी समोर येऊन बसली.

घरी आल्यापासून बॅग उचलल्याचा आवाज कानात आहे. आजचा की तेव्हाचा, कळत नाही.

आपलं नाव कुणी बरोबर उच्चारलं, की भीती तुमच्यापैकी आणखी कुणाला वाटते का?